संग्राम शेलारचा उजवा डोळा

संग्राम शेलारचा मी एकोणीस वर्षं हेवा केला. अधूनमधून नाही, अगदी मन लावून केला. माझं नाव प्रसन्न, आणि ऑफिसात या नावावर जेवढे विनोद झाले तेवढे शेरे माझ्या फायलींवरही पडले नाहीत. तुमचा चेहराच आंबट आहे, असं माझी बायको रेवती म्हणते. असेल. पण संग्राम बदली होऊन दिल्लीला येण्याआधी तो इतका आंबट नव्हता, हे जुने लोक सांगतील.

तो आला दोन हजार चार साली, पुण्याच्या ऑफिसातून. मी त्याआधी सहा वर्षं आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मुरलो होतो. आमच्या मंत्रालयाच्या कँटीनमागे एक लांबट खोली आहे, तिला रिक्रिएशन क्लब म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत तिथे कॅरम चालतो. सहा वर्षं त्या खोलीत मला हरवणारा कुणी नव्हता. शिवाय क्लबचे बोर्ड माझ्या ताब्यात. ते पुसणं, पावडर आणणं, जाळ्या बदलणं, दमट हवेने एखादा बोर्ड फुगला की तो बाद करणं, सगळं मी बघायचो. बोर्डाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा होता, डेप्युटी सेक्रेटरीसाहेबसुद्धा त्यावर बोलत नसत.

संग्राम पहिल्याच आठवड्यात दारात येऊन उभा राहिला. उंच, गोरा, हसरा, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. "मराठी का?" म्हणाला. मी हो म्हटलं. "अरे वा! मग एक गेम होऊन जाऊ दे." झाला. पंचवीस-चार. ते चार पॉइंटसुद्धा त्याने मला दिलेच होते, हे माझ्या लक्षात आलं आणि त्याच्याही. तो खेळायचा तेव्हा डावा डोळा घट्ट मिटून घ्यायचा, मान वाकवून उजवा डोळा पार स्ट्रायकरच्या उंचीवर आणायचा आणि एक क्षण श्वास रोखायचा. मग टिचकी. सोंगटी पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज यायच्या आधीच तो मान वर करून हसलेला असायचा, कारण ती पडणार हे त्याला ठाऊक असायचं. मला त्या हसण्याचा राग यायचा. त्यात माज असता तर बरं झालं असतं, पण माज नव्हता.

त्यानंतर दरवर्षी मंत्रालयाची निवड स्पर्धा झाली की फायनलला आम्ही दोघं, आणि आंतर-मंत्रालय स्पर्धेला एकेरीत जाणार तो. प्रत्येक मंत्रालयाचा एकच खेळाडू जातो. माझ्या घरात उपविजेतेपदाचे अठरा कप आहेत. रेवती त्यात चमचे ठेवते.

आणि नुसता कॅरम असता तर मी समजावलं असतं स्वतःला. त्याला क्वार्टर मिळालं ते तळमजल्यावर, पुढे अंगण, अंगणात लिंबाचं झाड. मला त्याच ब्लॉकमध्ये वरचा मजला, उन्हाळ्यात गच्ची तापली की पंखा गरम हवा फेकायचा आणि सकाळी साडेसातनंतर नळाला पाणी चढायचं नाही. त्याची बायको स्वरूपा शाळेत गणित शिकवते, गाते, आणि भेटेल त्याला "या ना, चहा घेऊन जा" म्हणते. त्याची मुलगी इशिता दिल्लीत वाढूनही मराठी वाचते. माझा मुलगा 'वाटाणा' या शब्दावर अडतो. रेवती लिंबं आणायला खाली जायची आणि तासाभराने वर यायची. "संग्राम भाऊजी किती नीटनेटके असतात हो," म्हणायची. "मे महिन्यातसुद्धा बघा, वरचं बटण लावलेलं. नाहीतर तुम्ही. बनियनवर गॅलरीत उभे." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यानंतर महिनाभर मीही वरचं बटण लावून ऑफिसला गेलो आणि मानेला घामोळं आलं.

त्या बटणाचं कारण मला कळलं ते आठ वर्षांनी. जून महिना, लाइट गेलेली, कँटीनच्या मोरीवर संग्राम एकटाच मानेवर पाणी मारत होता आणि मी मागून आत गेलो. त्याच्या मानेची कातडी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. पिवळट बारीक पुटकुळ्या ओळीने उठलेल्या, आणि त्याखाली कातडी सैल पडून तिला घड्या आलेल्या. पिसं काढलेल्या कोंबडीची असते तशी. मला बघून त्याने आधी कॉलर ओढली, मग सोडून दिली.

"दहावीत असल्यापासून आहे यार," तो म्हणाला. "काखेतही आहे. आमच्या शुभदाताईलाही आहे. आईने हळद लावली, दुधाची साय लावली, काय काय लावलं. गावच्या डॉक्टरने सांगितलं, पसरत नाही, दुखत नाही, तर सोडून द्या. ताईच्या लग्नाच्या वेळी घरात फार झालं यावरून. तेव्हापासून आम्ही दोघं गळा झाकतो."

"काही एवढं दिसत नाही," मी म्हणालो. तोंडाने हे म्हणालो. पण मला आनंद झाला होता, आणि तो आनंद मी पायऱ्या चढेपर्यंत जपून नेला. सापडलं एकदाचं, असं वाटलं. घरी जाऊन रेवतीला सांगायचं ठरवलं होतं, तेवढं मात्र केलं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. तिला त्याची दया आली असती, आणि ती मला नको होती.

पुढे पाचेक वर्षांनी त्याने नवीन सवय लावून घेतली. मेट्रोतून उतरून ऑफिसपर्यंत आम्ही चार-पाच जण बरोबर चालायचो. हा दर दोनशे पावलांवर थांबायचा. कधी फोन बघायचा, कधी बुटाची नाडी, कधी फुटपाथवरच्या जामुनवाल्याकडे उगाच भाव विचारायचा. आम्ही ताटकळत उभे. मला वाटायचं, साहेबांना आता वाट बघायला लावायची हौस आली. एकदा मी तसं बोललोही. तो हसून म्हणाला, "पोटऱ्या भरून येतात रे. थांबलं की जातं." हाडांच्या डॉक्टरने त्याला कॅल्शियमच्या गोळ्या आणि व्यायाम सांगितला होता. मान एका डॉक्टरने बघितली होती, पाय दुसऱ्याने. दोन्ही एकत्र कुणी बघितलं नव्हतं.

आता दोन हजार तेवीसच्या जुलैपासूनचं सांगतो. इथून पुढचं सांगताना मी स्वतःला वाचवणार नाही.

निवड स्पर्धेला तीन आठवडे राहिले होते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघंच सराव करत होतो. संग्रामने डावा डोळा मिटला, मान वाकवली, आणि थांबला. पुन्हा सरळ झाला. पुन्हा वाकला.

"प्रसन्न, हा बोर्ड वाकलाय का रे? बेसलाइन मध्येच खाली गेल्यासारखी दिसतेय."

मी माझी स्टीलची पट्टी काढली. ती नेहमी माझ्या खणात असते. बेसलाइनवर धरली, मग आडवी, मग तिरपी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. बोर्ड काचेसारखा सपाट होता. पट्टीखालून उजेडाची फटसुद्धा नव्हती. आणि त्याच्या आधीच्या तीन सोंगट्या पॉकेटच्या कडेला लागून परत आल्या होत्या, हे माझ्या लक्षात होतं. संग्रामच्या तीन सोंगट्या ओळीने चुकलेल्या मी एकोणीस वर्षांत बघितल्या नव्हत्या.

त्याला काहीतरी झालंय हे मला कळलं. काय झालंय ते कळलं नाही, पण बोर्डाला काही झालेलं नाही हे पक्कं कळलं. तो माझ्याकडे बघत होता. बोर्डाबाबत माझा शब्द शेवटचा, हे त्याने कायम मानलं होतं.

"हो," मी म्हणालो. "फुगलाय. पावसाळी हवा."

"मला वाटलंच," तो म्हणाला, आणि त्याला केवढं तरी हलकं वाटलं. "नाहीतर मला वाटत होतं माझंच काही बिघडलं."

चांगला बोर्ड मी बाद करून कपाटामागे उभा केला. वहीत रीतसर कारण लिहिलं. आठ दिवसांनी नवा बोर्ड आला. संग्रामने त्यावर हात फिरवला, खेळायला बसला, डोळा मिटला, आणि परत तेच. "अरे, हाही तसाच दिसतोय." यावेळी मी पट्टीसुद्धा काढली नाही. "हल्ली सगळा माल असाच येतो," म्हटलं. "बिल्कुल कच्चं लाकूड. सगळ्यांना याच बोर्डावर खेळायचंय, सवय कर." तो मान हलवून खेळायला लागला. त्याची प्रत्येक सोंगटी बोटभर इकडे-तिकडे जात होती, आणि तो दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरायचा प्रयत्न करत होता, पण जन्माची सवय ती, हात ऐकत नव्हता. मला गंमत वाटत होती. खोटं कशाला बोलू, फार गंमत वाटत होती.

ऑगस्टच्या मध्यावर फायनल झाली. पंचवीस-अकरा, पंचवीस-नऊ. मी जिंकलो. आमचे क्लबचे अध्यक्ष अण्णासाहेब निवृत्तीला आलेले, त्यांनी तोंडात बोट घातलं. संग्राम उठला आणि त्याने मला मिठी मारली. "चलो, आता पार्टी माझ्या घरी," म्हणाला. हरलेल्या माणसाने पार्टी द्यायची ही त्याचीच रीत. मला तीही खुपली.

रविवारी त्याच्या अंगणात वीसेक माणसं होती. स्वरूपावहिनींनी मटकीची मिसळ केली होती. मी नवा शर्ट घातला होता, कॉलरचं बटण उघडं. रेवती पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने बघत इतरांशी बोलत होती. तेवढ्यात संग्रामने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "याने मला वाचवलं, माहितीये का? मला रेषा वाकड्या दिसायला लागल्या होत्या. घाबरलो मी. डोळ्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली होती, सुट्टी टाकली होती. याने पट्टी लावून दाखवलं, बोर्डच वाकलाय. केली कॅन्सल!"

लोक हसले. माझ्या हातात मिसळीची वाटी होती. तिथे बोलायला हवं होतं. तिथेच, त्या वेळी. सगळ्यांसमोर नको तर पाच मिनिटांनी लिंबाच्या झाडापाशी. संग्राम, बोर्ड सरळ होता, तू डॉक्टरकडे जा. एवढे चार शब्द. मी काय विचार केला ते सांगतो. हा डॉक्टरकडे गेला, डोळ्यात काही निघालं, की लोक म्हणणार, प्रसन्न जिंकला तो अधू डोळ्याच्या माणसाविरुद्ध. एकोणीस वर्षांनी मिळालेला कप, तोही नासणार. आंतर-मंत्रालय स्पर्धा महिन्यावर आली होती. ती होऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं आणि वाटी पुढे करून आणखी तर्री मागितली.

स्पर्धेत मी दुसऱ्याच फेरीत हरलो. एका तमिळ मुलीने मला अर्ध्या तासात घरी पाठवलं. त्यानंतरही मी सांगितलं नाही. आता काय सांगायचं, असं वाटत राहिलं.

सप्टेंबरच्या शेवटी संग्राम एका सकाळी माझ्या टेबलापाशी आला. त्याने डावा डोळा हाताने झाकला आणि माझ्याकडे बघितलं. "प्रसन्न," तो हळू म्हणाला, "मला तुझा चेहराच दिसत नाहीये. कान दिसतायत. मधे नुसता काळा डाग आहे."

मीच त्याला घेऊन गेलो. स्वरूपावहिनी शाळेतून परस्पर आल्या. डॉक्टरबाई तरुण होत्या, पंजाबी असाव्यात. त्यांनी डोळ्यात थेंब टाकून बराच वेळ तपासलं, फोटो काढले, आणि मग एकदम म्हणाल्या, "कॉलर खोलिए ज़रा." संग्रामने वहिनींकडे बघितलं. मग वरचं बटण काढलं, त्याखालचं काढलं. बाईंनी मानेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, चालताना पोटऱ्या दुखतात का? भावंडांत कुणाच्या मानेवर असं आहे का? तो हो, हो म्हणत गेला. "सर, ये सब एक ही बीमारी है," त्या म्हणाल्या.

नाव मोठं होतं, स्युडोझँथोमा इलॅस्टिकम. त्यांनी ते कागदावर लिहून दिलं आणि समजावलं. माणसाच्या शरीरात ताणले जाणारे बारीक धागे असतात, कातडीत, डोळ्याच्या पडद्यामागे, रक्तवाहिन्यांत. या आजारात त्या धाग्यांवर कॅल्शियम साचतं, ते कडक होतात आणि तडकतात. मान सैल पडते ती त्याने, पोटऱ्यांना रक्त कमी पडतं ते त्याने, आणि डोळ्याच्या मागे भेगा पडतात त्याही त्यानेच. आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो, म्हणून त्या दोघांना काही नव्हतं आणि दोन्ही मुलांना आहे. धागे बरे करणारं औषध नाही. भेगांतून नवीन वाकड्यातिकड्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पाझरतात, ते मात्र डोळ्यात इंजेक्शन देऊन थांबवता येतं. लवकर आलं तर. पन्नास हजारांत एखाद्यालाच होतो म्हणाल्या, आणि दोन शिकाऊ डॉक्टरांना बघायला बोलावलं. मला तेव्हाही वाटून गेलं, याला आजारसुद्धा पन्नास हजारांतला. मला काय, ॲसिडिटी. माणूस किती खालच्या पातळीचा असू शकतो ते मी त्या स्टुलावर बसून बघितलं.

"लाइनें टेढ़ी कब से दिख रही थीं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"जुलैपासून."

"तो तब क्यों नहीं आए? तब आते तो यह आँख बचा लेते. अब बीच में दाग़ बन गया है."

संग्राम ओशाळून हसला. "मॅडम, मला वाटलं कॅरमबोर्ड वाकलाय," असं तो हिंदीत म्हणाला. बाईंना वाटलं तो थट्टा करतोय. मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत राहिलो.

उजव्या डोळ्याचं मधलं सगळं गेलं. कडेने दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. डावा चांगला होता, पण त्यातही भेगा होत्या. तो केव्हाही पाझरू शकतो, असं सांगितलं. घरी चौकटीचा कागद दिला, रोज डाव्या डोळ्याने बघा, रेषा वाकली की दोन दिवसांच्या आत या. डोक्याला मार लागू द्यायचा नाही, दुखलं म्हणून वाटेल ती गोळी घ्यायची नाही. शुभदाताईंनाही गावाहून बोलावून तपासलं. त्यांच्या डोळ्यांत भेगा निघाल्या, पण पाझर नव्हता. त्या दिवशी त्या संग्रामच्या अंगणात मोकळ्या गळ्याने बसल्या होत्या. पन्नाशीच्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या गळ्याचा ब्लाउज घातलेला मी बघितला. "नाव कळलं की अर्धी लाज जाते," त्या म्हणाल्या.

उजव्या डोळ्याला तीन इंजेक्शनं झाली, उरलेलं राखण्यासाठी. तिन्ही वेळा मी घेऊन गेलो. आणि संग्रामने काय केलं, तर भेटेल त्याला सांगत सुटला, प्रसन्नसारखा मित्र नाही. स्वरूपावहिनी मला डबा पाठवायला लागल्या. अण्णासाहेबांनी निरोप समारंभात माझं नाव घेतलं. आणि संग्राम क्लबमध्ये बसून दुसऱ्यांच्या खेळावर टिप्पण्या करायचा, हसायचा, एका डोळ्याने, कॉलर उघडी टाकून. ऑफिसातली पोरं त्याच्याभोवती जमायची. मी जिंकलेल्या खोलीत हरलेला माणूस दरबार भरवत होता. जे माझं नव्हतं ते कौतुक माझ्या अंगावर फेकत होता, आणि तरी सगळ्यांचं लक्ष त्याच्याचकडे.

दिवाळीनंतरच्या शनिवारी मी खाली गेलो आणि त्याला सांगितलं. पश्चात्ताप होता, तो होताच. पण त्यात दुसरंही काही होतं. या माणसाचा चांगुलपणा एकदा तरी फाटलेला मला बघायचा होता. त्यानेही एकदा कुणावर तरी जळावं, ओरडावं, माझ्यासारखं व्हावं.

तो अंगणात खुर्चीवर बसला होता. मी उभ्यानेच बोललो. "जुलैत मी पट्टी लावली ना, तेव्हा बोर्ड सरळ होता. मी खोटं बोललो. मला जिंकायचं होतं."

त्याने विचारलं, "दुसऱ्या बोर्डाच्या वेळी?"

"तोही सरळ होता."

"आणि पार्टीच्या दिवशी? मी अपॉइंटमेंटचं बोललो तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

तो ओरडला नाही. चेहरा मात्र बदलला. मी त्याला इतकी वर्षं बघत होतो, इतकं निरखून कुणी बायकोलाही बघत नाही, पण तो चेहरा मी बघितला नव्हता. डावा डोळा माझ्यावर रोखलेला होता आणि त्यात मी एक परका माणूस होतो. "वर जा, प्रसन्न," तो म्हणाला. "आणि आता माझ्यासाठी काही करू नकोस."

ऑफिसात त्याने कुणाला सांगितलं नाही. स्वरूपावहिनींना सांगितलं असणार, कारण डबा बंद झाला. रेवतीला मी सांगितलं. तिने कपांतले चमचे काढून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि कप माळ्यावर टाकले, नवा कपही.

याला दीड वर्ष होत आलं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मी इस्त्रीचे कपडे द्यायला खाली गेलो होतो. आमच्या ब्लॉकच्या कोपऱ्यावर कडुनिंबाखाली पार्वतीचं इस्त्रीचं टेबल आहे. ती अलीगढकडची, पंधरा वर्षं तिथेच असते, कोळशाची इस्त्री फिरवत. समोर बागेचं लोखंडी रेलिंग आहे. संग्राम ऑफिसला निघाला होता, तो पोटऱ्यांसाठी म्हणून नेहमीप्रमाणे तिथे थांबला. रेलिंगकडे बघता बघता त्याने उजव्या डोळ्यावर हात ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.

मला कळलं. मी दोन पावलं पुढे गेलो. "संग्राम, रेलिंग सरळ आहे," मी म्हणालो. "अगदी सरळ आहे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. मी गाडी काढतो."

त्याने माझं ऐकलं. ऐकलं हे मला दिसलं, कारण त्याची मान किंचित वळली. पण तो माझ्याकडे वळला नाही. तो टेबलाच्या पलीकडे वळला.

"पार्वती, वो रेलिंग देखना. सीधी है कि बीच में से झुकी हुई है?"

पार्वतीने इस्त्री उभी ठेवली, पदराने कपाळ पुसलं आणि रेलिंगकडे बघितलं. "सीधी है साब. क्यों?"

"पक्का?"

"अरे, एकदम सीधी है."

तेवढं पुरलं. तो तसाच मागे फिरला आणि फाटकातूनच त्याने हाक मारली, "स्वरूपा, पर्स घे, निघायचंय!" दहा मिनिटांत दोघं रिक्षात बसून गेली. माझी गाडी समोर उभी होती.

त्याच दिवशी इंजेक्शन मिळालं. पाझर नुकताच सुरू झाला होता, तो थांबला. डावा डोळा वाचला, पेपर वाचता येतो, इशिताचा चेहरा दिसतो. हे मला रेवतीकडून कळलं. स्वरूपावहिनींनी पार्वतीला साडी नेसवली, खणानारळाने ओटी भरली, आणि ती बिचारी अजून सगळ्यांना विचारते की मी केलं काय, मी तर फक्त रेलिंग बघितलं. मी तिच्या आधी बोललो होतो. तेच बोललो होतो, आणि खरं बोललो होतो.

पार्वतीकडे मी अजून कपडे देतो. तिने शर्टाची घडी घातली तरी मी तिथेच उभा राहतो आणि तिच्या तोंडाकडे बघत राहतो. असं काय आहे या बाईकडे, असं मनात येतं आणि तिचाही हेवा वाटतो. काय आहे ते मला चांगलं माहीत आहे.